छोटा डेस्कटॉप आत्ता घ्यावा की थांबावं? उत्तर मेमरीच्या बाजारात आहे

संगणक घ्यायला निघालेल्या माणसाला वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळत आलाय: घाई नसेल तर थांब, सहा महिन्यांनी हाच माल स्वस्तात मिळेल. बहुतेक वेळा तो बरोबरही असायचा. २०२५ च्या उत्तरार्धात हे गणित उलटलं. उन्हाळ्यात साधारण शंभर डॉलरला मिळणारा ३२ जीबीचा डीडीआर५ रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीचा, संच डिसेंबरपर्यंत अमेरिकेतल्या दुकानांत तिपटीच्या घरात गेला. त्याच डिसेंबरात रुपयाने डॉलरमागे नव्वदी ओलांडली. संगणकाचे सुटे भाग आपण जवळजवळ सगळे डॉलर मोजून आणतो, त्यामुळे आपल्याला दोन्हीकडून फटका बसला.

त्याआधी दोनच महिने, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि उत्तम चालणारे कोट्यवधी संगणक अचानक जुने ठरले. म्हणजे बदलायची निकड आणि महागाई एकाच वेळी दारात आली. शाळेचं कार्यालय, सीएचं ऑफिस, आपले सरकार सेवा केंद्र, डीटीपीचं दुकान, सगळीकडे हाच प्रश्न आहे: टेबलाखालचा मोठा टॉवर काढून मॉनिटरमागे मावणारा संगणकाचा छोटा डबा आता बसवावा, की भाव उतरायची वाट पाहावी?

माझं मत आधीच मांडून टाकलेलं बरं. काम अडत असेल तर आत्ता घ्या, आणि पुरेशी मेमरी असलेलंच घ्या. काम अडत नसेल तर खुशाल थांबा, पण मग दीड-दोन वर्षं थांबायची तयारी ठेवा. ‘दिवाळीच्या सेलमध्ये बघू’ हा मधला मार्ग या खेपेला सगळ्यात महाग पडण्याची शक्यता आहे.

या छोट्या डब्यात असतं काय

ॲपलने पहिला मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये आणला. पुढे इंटेलने तळहातापेक्षा थोडे मोठे ‘एनयूसी’ काढले. जुलै २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं आणि ती मालिका आता आसुस चालवते. बँकेत काउंटरवर मॉनिटरच्या पाठीला अडकवलेला पुस्तकाएवढा काळा डबा पाहिला असेल, तो लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा एचपीचा एलिटडेस्क मिनी असण्याची शक्यता मोठी. सगळ्यात खालच्या टोकाला इंटेलच्या एन१०० सारख्या जेमतेम ६ वॉटच्या प्रोसेसरवर चालणारे स्वस्त डबे आहेत.

यांच्या आत बहुतेक भाग लॅपटॉपचे किंवा त्या जातीचे असतात. प्रोसेसर हिशेब करतो. एसएसडीत फाइली कायमच्या साठतात. आणि रॅम म्हणजे चालू असलेलं काम जिथे तात्पुरतं मांडलेलं असतं ती मेमरी. वीज गेली की ती रिकामी. या लेखात मेमरी म्हटलं की रॅमच समजा. छोट्या डब्यात सहसा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, त्यामुळे पडद्यावरचं चित्र काढायलाही याच मेमरीतला वाटा जातो. खोक्यावर लिहिलेल्या ८ जीबीतले पूर्ण ८ तुमच्या वाट्याला येतच नाहीत.

मग लॅपटॉपच का नको? रोज बॅगेत घालून न्यायचा असेल तर लॅपटॉपच घ्या. पण जो लॅपटॉप वर्षभर टेबलावरून हलत नाही, त्याच्या पडद्याचे, कीबोर्डचे आणि बॅटरीचे पैसे मोजून शेवटी मान वाकवून काम करावं लागतं. जुना मॉनिटर, माउस, कीबोर्ड धड असतील तर छोट्या डब्यात पैसा नेमका हव्या त्या जागी लागतो.

मेमरी एवढी महागली कशाने

मेमरीच्या चिप सिलिकॉनच्या गोल चकत्यांवर घडवतात. हे काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीनच: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. करोनाकाळातली खरेदी ओसरल्यावर २०२२-२३ मध्ये मेमरीचे भाव तळाला गेले आणि तिघींनाही मेमरीच्या धंद्यात तोटा झाला. सॅमसंगसारख्या कंपनीनेसुद्धा एप्रिल २०२३ मध्ये उत्पादन कमी करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी नवा कारखाना काढायला कोण धजावणार?

तेवढ्यात एआयची लाट आली. एआयच्या डेटा सेंटरांना एचबीएम नावाची वेगळी मेमरी लागते. चिपचे थर एकावर एक रचून ती करतात, तिचा वेग अफाट असतो आणि तिला भावही तसाच मिळतो. पण तेवढ्याच जीबीसाठी तिला साध्या डीडीआर५ पेक्षा सुमारे तिप्पट चकती लागते. धरण एक आणि पाणी मोजकं असताना कालव्याच्या वरच्या अंगाला उसाचं क्षेत्र वाढलं की काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको: ऊस पाणी जास्त पितो आणि पैसाही जास्त देतो, टेलच्या गावातल्या ज्वारीची पाळी लांबते, आणि शहरात भाकरी महागते. एचबीएम हा तो ऊस. तुमच्या-माझ्या डब्यात बसणारी रॅम ही टेलची ज्वारी.

हा ऊस किती पसरतोय? ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख चकत्यांपर्यंत गरज लागेल असं मांडलं होतं. एकट्या गिऱ्हाइकाची ही गरज! ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रॅमची पट्टी मागितली की समोर येणाऱ्या नावांत क्रुशियल हे हमखास असायचं. त्याच्यावरच पाणी सोडायला कंपनी तयार झाली, यावरून नफा कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

महागाईचं कारण मेमरीच आहे, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला रास्पबेरी पायच्या दरपत्रकात दिसतो. पत्त्यांच्या जोडाएवढा हा ब्रिटिश संगणक वेगवेगळ्या मेमरीत मिळतो. बाकी सगळं तेच. १ डिसेंबर २०२५ ला त्याच्या पाचव्या आवृत्तीचे भाव वाढले ते असे: २ जीबीचा ५० डॉलरवरून ५५, ४ जीबीचा ६० वरून ७०, ८ जीबीचा ८० वरून ९५, आणि १६ जीबीचा १२० वरून १४५. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच. फक्त मेमरीच्या पायरीगणिक वाढ ५, १०, १५, २५ अशी चढत गेली.

‘काही महिन्यांत उतरेलच की’

उतरेल, हे मलाही मान्य आहे. मेमरीचा धंदा पहिल्यापासून चढ-उताराचा आहे. २०१६ पासून चढलेले भाव २०१९ मध्ये चांगलेच खाली आले होते. टंचाई, मग नफा, मग नवे कारखाने, मग मालाचा पूर, मग तोटा, असं चक्र फिरत राहतं.

पण ‘मग नवे कारखाने’ या तीन शब्दांत वर्षं जातात. धूळ शिरणार नाही अशी इमारत बांधायची, कोट्यवधी डॉलरची यंत्रं बसवायची, मग महिनोन्महिने चाचण्या घेऊन चांगल्या चिपचं प्रमाण वाढवायचं. मायक्रॉनच्या अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या नव्या कारखान्यातून पहिली चकती २०२७ च्या मध्याला निघेल, असं कंपनीचंच वेळापत्रक आहे. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये गुंतवणूकदारांना हेही सांगितलं की टंचाई २०२६ भर आणि त्यानंतरही राहील. विकणाऱ्याने असं सांगण्यात त्याचा स्वार्थ असतो, हे धरूनही कारखान्याच्या तारखा काही बदलत नाहीत.

आपल्या शेजारी गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग इथे स्वस्त का होणार नाही, असंही काही जण विचारतात. साणंदला चकती घडत नाही. बाहेर घडलेल्या चिप तिथे जोडल्या, तपासल्या आणि आवरणात बंद केल्या जातात. टंचाई त्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

आणि दिवाळीचं काय? सेलमध्ये सूट मिळते ती बहुधा गोदामात पडलेल्या मालावर. जुन्या भावाची मेमरी बसवलेला माल संपला की पुढची खेप नव्या भावाने येते. छापील किंमत वाढवून त्यावर दिलेली वीस टक्के सूट आजच्या भावापेक्षा स्वस्त असेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

‘पण मी घेतला आणि लगेच नवी चिप आली तर?’

ही भीती सगळ्यात जास्त मॅक मिनी घेणाऱ्यांना असते, म्हणून त्याचाच इतिहास पाहू. एम१ चिपचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा, मिनी नोव्हेंबर २०२० मध्ये आला, एम२ चा जानेवारी २०२३ मध्ये, एम४ चा नोव्हेंबर २०२४ मध्ये. एम३ चा मिनी आलाच नाही. जे एम३ साठी थांबले होते ते दोन वर्षांच्या आसपास नुसते थांबूनच राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲपलने एम५ चिप जाहीर केली, तीही आधी मॅकबुक प्रो आणि आयपॅड प्रोमध्ये. चिप जाहीर होणं आणि ती मिनीत येणं यात किती अंतर पडेल, हे ॲपल आधी सांगत नाही.

थांबण्याचा फायदा होतो तो कधी, हेही याच इतिहासात आहे. एम२ मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला, ८ जीबीसह. एम४ मिनीही ५९,९०० लाच सुरू झाला, पण १६ जीबीसह आणि अर्ध्याहून लहान डब्यात. जो २०२३ ऐवजी २०२४ च्या शेवटी गेला त्याला त्याच पैशांत दुप्पट मेमरी मिळाली. ही बक्षिसी मेमरी स्वस्त असतानाची आहे. आता नव्या चिपच्या मिनीत ॲपलने जुना भाव टिकवला तरी आणखी मेमरी फुकट देईल, असं धरून चालणं धाडसाचं आहे.

विंडोजच्या बाजूला जानेवारी २०२६ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही नवे प्रोसेसर मांडले. चांगलेच आहेत. पण टॅलीत व्हाउचर टाकणाऱ्या, एक्सेल चालवणाऱ्या, पोर्टलवर दाखल्यांचे अर्ज भरणाऱ्या माणसाला लागोपाठच्या दोन पिढ्यांतला फरक हाताला जाणवत नाही. मेमरी कमी पडली तर मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतं. ‘एआय पीसी’ किंवा ‘कोपायलट प्लस’ असं लेबल पाहून जास्त पैसे मोजायची घाई करू नका. त्या लेबलामागच्या सोयींसाठी एआयचं काम वेगळं करणारा भाग प्रोसेसरमध्ये लागतो आणि किमान १६ जीबी मेमरी लागते. यातली १६ जीबी रोज कामाला येईल. दुसऱ्या भागाचा उपयोग बहुतेक कार्यालयांत अजून क्वचितच होतो.

‘आत्ता ८ जीबी घेतो, स्वस्त झाली की वाढवतो’

विचार चांगला आहे, पण तो डब्यावर अवलंबून आहे. लेनोवो, डेल, एचपीच्या कार्यालयीन डब्यांत बहुधा लॅपटॉपच्या आकाराच्या पट्ट्यांसाठी दोन खाचा असतात. तिथे ८ ची एक पट्टी आज आणि दुसरी दोन वर्षांनी, हे खुशाल करा. घेताना एवढंच विचारा की ८ जीबी एका पट्टीत आहे की ४-४ च्या दोन पट्ट्यांत. दोन्ही खाचा भरलेल्या असतील तर वाढवताना जुन्या पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात. एन१०० वाल्या स्वस्त डब्यांत एकच खाच असते, किंवा मेमरी बोर्डलाच सोल्डर केलेली असते. मॅक मिनीत ती चिपच्या सोबतच बसवलेली असते. घेताना जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत.

म्हणून मॅक मिनी घेणाऱ्याने जास्तीचे पैसे साठवणुकीवर घालू नयेत, असं माझं ठाम म्हणणं आहे. एम४ मिनी आला तेव्हा २५६ जीबीवरून ५१२ जीबीवर जायला २०,००० रुपये पडत होते, आणि १६ वरून २४ जीबी मेमरीवर जायला आणखी २०,०००. साठवणूक बाहेरून एसएसडी जोडून केव्हाही वाढवता येते. मेमरीला बाहेरून जोडायची सोयच नाही.

तुम्हाला किती लागेल, याचा अंदाज दुकानदाराला विचारू नका, तुमच्या सध्याच्या संगणकाला विचारा. दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या वेळी, म्हणजे टॅली, क्रोमच्या पंधरा टॅब, व्हॉट्सॲप वेब, दोन एक्सेल आणि एखादी मोठी पीडीएफ असं सगळं उघडं असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारली की आलेख दिसतो आणि खाली ‘इन यूज’चा आकडा. ८ जीबीच्या यंत्रावर तो ७ ला टेकलेला असेल तर मशीन उरलेलं काम डिस्कवर ढकलतंय आणि म्हणूनच ते रखडतंय. तुम्हाला १६ हवेत. त्याच पानावर किती खाचा भरल्यात आणि मेमरीचा वेग किती तेही असतं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘मेमरी प्रेशर’चा आलेख बघा: हिरवा असेल तर ठीक, पिवळा-लाल होत असेल तर मेमरी अपुरी.

घरी बँकेची कामं, यूट्यूब आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर ८ मध्ये भागतं. कार्यालयीन कामाला १६. अँड्रॉइड ॲप बनवायला शिकणाऱ्या किंवा लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने १६ ला सुरुवात समजावी आणि ऐपत असेल तर २४ किंवा ३२ कडे जावं.

विंडोज १० वाल्यांनी किती घाबरावं

सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार, डिजिटल सही, ग्राहकांचे आधार-पॅन असतात तिथे हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मात्र घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती विनामूल्य मिळते. नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांच्या रिवॉर्ड योजनेतले १,००० गुण. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हा सुरक्षा भाग लागतो. तुमचं यंत्र यात बसत असेल तर नवा संगणक घेण्याचं हे कारण तिथेच संपलं. नुसतं विंडोज बदला. अनेक आठव्या-नवव्या पिढीच्या यंत्रांत टीपीएम असतोच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेला असतो.

जाता जाता एक. विंडोजला कंटाळून मॅक मिनीकडे वळणार असाल तर आधी कामाची सॉफ्टवेअर तपासा. टॅली विंडोजसाठी आहे. डोंगलवर चालणारी जुनी डीटीपीची सॉफ्टवेअर, सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीसाठी लागणारी छोटी साधनं, हे सगळं विंडोज धरून बनलेलं असतं. तिथे मॅक कितीही चांगला असला तरी कामाचा नाही.

जुना, पण कंपनीचा

सध्याच्या बाजारात मला सर्वांत शहाणा वाटतो तो सौदा हा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांच्या लीजवर घेतलेले डबे एकगठ्ठा परत करतात आणि ते दुरुस्त-तपासून लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला आणि आता ऑनलाइनही विकले जातात. त्यांत मेमरी जुन्या भावाने बसलेली असते. विक्रेत्यांनाही महागाईची बातमी असतेच, त्यामुळे हे भावही हलतात, पण नव्या मालाएवढे नाहीत.

घेताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचा. ‘आय५’ एवढंच सांगणाऱ्याला थांबवा. आय५-८५००टी मध्ये रेघेनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी; विंडोज ११ चालेल. आय५-७५००टी किंवा ६५००टी असेल तर अधिकृतपणे चालणार नाही, मग दुकानदाराने त्यावर विंडोज ११ चढवून दाखवलं तरी. १०५००टी मध्ये पहिले दोन आकडे धरायचे, दहावी पिढी. शेवटचा ‘टी’ कमी विजेवर चालणारा प्रकार दाखवतो.

मग समोर चालू करायला लावा. बायोस उघडून बघा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर घेऊ नका, तो निघता निघत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर चालवलं की एसएसडीची तब्येत टक्क्यांत दिसते. अडॅप्टर मूळ बनावटीचा आहे का पाहा. डेलच्या डब्याला परका अडॅप्टर लावला तर तो चालू होतो, इशारा देतो, आणि प्रोसेसर मुद्दाम मंद ठेवतो. घरी आणल्यावर ‘हा इतका संथ का’ याचं उत्तर त्या वायरीत असतं.

खोक्यावरचा भाव आणि हातात पडेपर्यंतचा भाव

काही छोटे डबे ‘बेअरबोन’ म्हणून विकतात. त्यात मेमरी नसते, एसएसडी नसतो, विंडोज नसतं. पूर्वी अशा डब्यात स्वतः पट्टी टाकली की पैसे वाचायचे. आज सुटी पट्टीच महाग झाल्यामुळे हा हिशेब बहुधा उलटा पडतो; आधीच मेमरी बसवलेलं मॉडेल स्वस्त निघतं का ते आधी तपासा.

फार स्वस्त, अनोळखी नावाच्या डब्यांबद्दल सावध राहा. काहींत विंडोजसोबत हेरगिरीची सॉफ्टवेअर आधीच टाकलेली सापडल्याची प्रकरणं २०२४ मध्ये उघड झाली होती. असा डबा घेतलाच तर पहिलं काम म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून कोरं बसवणं. अडॅप्टरवर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’ पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा.

परदेशातून मागवावा का? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ज्या संगणकांच्या आयातीवर परवान्याची अट घातली, त्यांत लॅपटॉपसोबत अगदी लहान आकाराचे डेस्कटॉपही नावानिशी होते. त्या अधिसूचनेत कुरिअरने एखादाच नग मागवणाऱ्याला परवान्यातून सूट होती, करातून नव्हे. वरून बिघडल्यावर दाद कुठे मागायची हा प्रश्न उरतोच. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला मिनी आणायला सांगणार असाल तर लक्षात ठेवा, सामानातून एक लॅपटॉप शुल्कमुक्त आणायची स्वतंत्र सवलत आहे ती लॅपटॉपची, डेस्कटॉपची नव्हे.

इथल्या खरेदीवर १८ टक्के जीएसटी आहे. व्यवसायाची नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे क्रेडिट मिळेल.

विजेची बचत किती? एम४ मिनी नुसता चालू असताना सुमारे ४ वॉट घेतो, असं ॲपल सांगतं. जुना टॉवर ५० वॉट घेत असेल आणि दिवसाचे १० तास, महिन्याचे २५ दिवस चालत असेल, तर फरक साधारण ११-१२ युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तर महिना सव्वाशेच्या आत. निव्वळ बिल वाचवायला संगणक बदलू नका. पण ज्या गावात वीज जाते तिथे याचा वेगळा लाभ आहे: टॉवरला दहा मिनिटं टिकणारा यूपीएस छोट्या डब्याला कितीतरी जास्त वेळ धरून ठेवतो, आणि अर्धा भरलेला ऑनलाइन अर्ज वाया जात नाही. छोट्या डब्यात बॅटरी नसते, त्यामुळे यूपीएसचा खर्च सुरुवातीलाच धरा.

थांबायचं ठरवलंत तर

थांबण्याचा काळ सुसह्य करा. जुन्या टॉवरमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून साधा २५० जीबीचा साटा एसएसडी बसवा. एसएसडीच्या चिपही महागू लागल्या आहेत, म्हणून हे काम लांबवू नका. पंखा आणि त्याखालची जाळी ब्लोअरने साफ करून घ्या. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरमधूनच बंद करता येतात. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवा, कारण थांबलेल्या माणसाचा संगणक जुना असतो.

आणि थांबताना नजर ठेवायची ती नव्या चिपच्या बातम्यांवर नको. १६ जीबीच्या एका लॅपटॉप-पट्टीचा भाव महिन्यातून एकदा बघा, दोन-तीन दुकानांत. तो सलग तीन-चार महिने खाली येताना दिसला, आणि एकाच मॉडेलच्या ८ व १६ जीबीतलं अंतर आकसू लागलं, की बाजारात जा. त्याआधीच जुनं यंत्र अचानक निळा पडदा दाखवू लागलं, डिस्कची तब्येत घसरू लागली किंवा महिनाअखेरीचं रिटर्न भरताना दोनदा अडकलं, तर भाव न बघता जा आणि आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, १६ जीबीचा, कंपनीचा जुना डबा घेऊन या.